आधी तारीख, मग टाळ्या

"वेळापत्रकावर तासन् तास बोलणारे हे फुटबॉलचे चाहते नव्हेत, कट्ट्याचे चाहते. खेळ मैदानावर असतो, कागदावर नसतो." एका बक्षीस समारंभात एका ज्येष्ठ माजी खेळाडूंनी व्यासपीठावरून हे ऐकवलं आणि टाळ्या पडल्या. मग त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. साखळी स्पर्धेत सगळेच सगळ्यांशी खेळतात, तेव्हा आधी कोण आणि नंतर कोण याची चिकित्सा व्यर्थ आहे. आणि तारखा फार आधी जाहीर केल्या की पेठापेठांत ईर्षा पेटते, म्हणून संयोजकांनी त्या आपल्या हातात ठेवाव्यात, दोन-चार दिवस आधी सांगितल्या तरी पुष्कळ झालं.

त्यांचा खेळ मी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाहिला आहे. चेंडू पायात आल्यावर मान वर ठेवून धावणारा असा खेळाडू कोल्हापुरात क्वचितच झाला. त्यांच्याविषयी मनात आदर आहे आणि तो तसाच राहील. पण त्या दिवशी त्यांनी मांडलेले तिन्ही मुद्दे चुकीचे होते. तिसरा तर चुकीचा असून घातकही होता, कारण तो ऐकायला आवडणारे संयोजक समोरच्या पहिल्या रांगेत बसले होते. म्हणून हा प्रतिवाद.

आधी कट्ट्याबद्दल. आमच्या पेठेच्या तोंडाला एक फळा आहे. एरवी त्यावर कुणाचं निधन, कुणाची निवड, पाणी कधी येणार असलं लिहिलेलं असतं. हंगाम जवळ आला की फळ्याची उजवी बाजू फुटबॉलला जाते. कोण कुणाशी खेळणार याचे लॉट्स पडले की कुणीतरी पांढऱ्या खडूने सामने उतरवून काढतो. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ अशी नावं एकाखाली एक येतात, आणि आपल्या संघाचं नाव तेवढं रंगीत खडूने. माझा संघ कुठला ते इथे सांगत नाही, कारण हा मुद्दा सगळ्या पेठांचा आहे.

संध्याकाळी त्या फळ्यासमोर जी माणसं उभी राहतात, त्यांच्यात आमचे आप्पा असतात. आप्पा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत मोल्डिंगला आहेत. बोटांच्या पेरांत वाळू मुरलेली. शर्टाच्या खिशातून एक छोटी डायरी निघते आणि फळ्यावरची प्रत्येक तारीख तीत उतरते. तारखेपुढे फक्त एक आकडा लिहितात, एक किंवा दोन. एक म्हणजे सात ते तीनची पहिली पाळी, दोन म्हणजे तीन ते अकराची दुसरी. मॅच चारची असली आणि पुढे दोनचा आकडा आला, की आप्पा त्याभोवती गोल करतात. तो गोल म्हणजे कुणाशी तरी पाळी बदलून घ्यायची आहे. बदली फुकट मिळत नाही. ज्याच्याशी बदलली त्याच्या घरी कार्य निघालं की त्याच्या जागी आप्पांना उभं राहावं लागतं. एका हंगामात असे चार-पाच गोल पडतात, आणि प्रत्येक गोलामागे एक शब्द दिलेला असतो.

आता त्या फळ्यासमोरचं बोलणं ऐका.

"पयल्याच आठवड्यात त्यांच्याशी गाठ नको हुती. आपली पोरं अजून दमाला आल्याली न्हाईत."

"उलट बरं झालं आप्पा. त्यांचा बाहेरचा स्ट्रायकर अजून यायचाय. आता गाठलं तर गाठलं."

"आणि मधी सलग तीन मॅच आठ दिवसांत हाईत. मधल्या फळीत पर्याय कोण हाय? त्याचा गुडघा अजून दुखतोय म्हणं."

यात रिकामटेकडेपणा कुठे आहे? तंदुरुस्ती, प्रतिस्पर्ध्याची ताकद, दोन सामन्यांमधली विश्रांती, राखीव खेळाडू. प्रशिक्षक वहीत जे मांडतो तेच ही माणसं तोंडी मांडतात. खेळ कागदावर नसतो हे खरंच आहे. पण खेळ बघायला येणाऱ्याचं आयुष्य पाळ्यांनी, शाळेच्या वेळांनी, बाजाराच्या दिवसांनी बांधलेलं असतं. त्या आयुष्यात खेळाला जागा करून द्यायची तर आधी कागदच लागतो.

हे फक्त पेठेतच असतं असं नाही. माझा भाचा पुण्यात नोकरी करतो आणि एका इंग्लिश क्लबचा निस्सीम चाहता आहे. प्रीमियर लीगची यादी जूनमध्ये येते. ती आली की तो ३८ सामने बसून वाचतो. तिकडच्या दुपारी तीनचा सामना आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसातला लागतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की तोच सामना साडेआठला. तिकडचा रात्री आठचा सामना आपल्याकडे साडेबारा, नाहीतर दीड. मग दुसऱ्या दिवशी सकाळची मीटिंग कुठे येते, घरी कुणाचा वाढदिवस आहे, याचा हिशेब मांडायचा. सात हजार किलोमीटरवरच्या संघावर हा मुलगा आपल्या झोपेचे तास खर्च करतो, आणि ते कुठे खर्चायचे हे त्याला दोन महिने आधी कळतं. इथे घरापासून दहा मिनिटांवर असलेल्या मैदानाबद्दल आप्पांना तेवढंच कळावं, ही मागणी काही फार मोठी नाही.

आणि कागदाला कमी लेखणाऱ्यांनी साखळी स्पर्धा जन्माला कशी आली ते आठवून पाहावं. १८८८ पूर्वी इंग्लंडमध्ये क्लब आपापसात मैत्रीचे सामने ठरवत. पण कुणाचा कप स्पर्धेतला सामना मध्ये आला, कुणाला जास्त गर्दीचा प्रतिस्पर्धी मिळाला, की ठरलेला सामना बारगळे. प्रेक्षक मैदानावर यायचे आणि समोरचा संघच यायचा नाही. खेळाडूंना आता पगार द्यावे लागत होते, आणि प्रेक्षकांच्या पैशाचा भरवसा नव्हता. या गोंधळाला कंटाळून बर्मिंगहॅममधले एक कापड दुकानदार, अ‍ॅस्टन व्हिला क्लबचे विल्यम मॅकग्रेगर, यांनी २ मार्च १८८८ रोजी काही क्लबना पत्र लिहिलं. प्रमुख क्लबनी दर हंगामात एकमेकांशी एक सामना घरच्या मैदानावर आणि एक बाहेर असे ठरलेले सामने खेळावेत, ही त्यांची सूचना. त्यातून १२ क्लबची फुटबॉल लीग उभी राहिली आणि त्याच वर्षी ८ सप्टेंबरला पहिले सामने झाले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की विजयाला किती गुण आणि बरोबरीला किती, हे तेव्हा पक्कं ठरलेलंही नव्हतं. ते हंगाम सुरू झाल्यावर ठरलं. गुणतक्त्याच्या आधी वेळापत्रक आलं. जगातली पहिली फुटबॉल लीग या एका वचनावर उभी राहिली की ठरलेल्या दिवशी ठरलेला प्रतिस्पर्धी समोर येईल.

आता दुसरा मुद्दा. सगळे सगळ्यांशी खेळतात, मग क्रमाने काय बिघडतं?

क्रमाने काय बिघडतं ते अल्जेरियाला विचारा. १९८२ च्या विश्वचषकात स्पेनमध्ये अल्जेरियाने पश्चिम जर्मनीला २-१ असं हरवलं. मग गटातल्या आपल्या शेवटच्या सामन्यात २४ जूनला चिलीला ३-२ ने हरवलं. त्याच गटातला पश्चिम जर्मनी विरुद्ध ऑस्ट्रिया हा सामना मात्र दुसऱ्या दिवशी, २५ जूनला, हिहोन शहरात होता. मैदानात उतरताना दोन्ही संघांना गणित ठाऊक होतं. जर्मनी एक-दोन गोलने जिंकली तर दोघेही पुढे जातात आणि अल्जेरिया बाहेर. दहाव्या मिनिटाला जर्मनीने गोल केला आणि उरलेला सामना दोन्ही संघांनी चेंडू इकडून तिकडे ढकलत काढला. गॅलरीतले लोक संतापले, अल्जेरियाचे चाहते नोटा दाखवत होते. अल्जेरिया घरी गेली. त्या गटातही सगळे सगळ्यांशीच खेळले होते. फरक होता तो एका दिवसाचा. त्यानंतर, १९८६ च्या विश्वचषकापासून, गटातले शेवटचे सामने एकाच वेळी सुरू होऊ लागले. वेळापत्रकातली एक ओळ बदलली म्हणून पुढच्या किती संघांना न्याय मिळाला असेल.

प्रीमियर लीगवालेही क्रमाला किरकोळ मानत नाहीत. २० संघ, ३८० सामने, आणि ते लावताना पाळायचे नियम. कोणत्याही सलग पाच सामन्यांत घरचे-बाहेरचे तीन-दोन असे विभागलेले असावेत, शक्यतो कुणाला दोनपेक्षा जास्त सलग सामने घरी किंवा बाहेर पडू नयेत, हंगामाची सुरुवात किंवा शेवट सलग दोन बाहेरच्या सामन्यांनी होऊ नये. एकाच शहरातले शेजारी क्लब एकाच दिवशी घरी खेळू नयेत हेही पाहायचं, नाहीतर पोलिस आणि गाड्या पुरत नाहीत. शेवटच्या दिवशीचे दहाही सामने एकाच वेळी सुरू होतात. क्रमाने काही फरक पडत नसता तर ही सगळी उस्तवार कुणी केली असती?

अमेरिकेतल्या त्यांच्या फुटबॉलची गोष्ट याहून बोलकी आहे. खेळ वेगळा आहे, चेंडू लांबुळका आहे, पण वेळापत्रकाच्या बाबतीत शिकण्यासारखं आहे. तिथे ३२ संघ आहेत आणि २०२१ पासून प्रत्येकाला साखळीत १७ च सामने मिळतात. म्हणजे सगळे सगळ्यांशी खेळूच शकत नाहीत. मग कोण कुणाशी खेळणार? त्याचं सूत्र सगळ्यांना माहीत आहे. सहा सामने आपल्या गटातल्या तीन संघांशी, आठ सामने आळीपाळीने येणाऱ्या दोन गटांशी, आणि उरलेले तीन मागच्या हंगामात आपल्याच क्रमांकावर राहिलेल्या इतर गटांतल्या संघांशी. साखळी संपली की त्या रात्री कुठलाही चाहता कागद घेऊन पुढच्या हंगामाचे आपले प्रतिस्पर्धी स्वतः काढू शकतो. तारखा नंतर मे महिन्यात येतात. आपल्याला सोपा ड्रॉ का मिळाला आणि त्यांना अवघड का, असं कुणी विचारलं तर उत्तर सूत्रात असतं, कुणाच्या मर्जीत नसतं.

आणि आपल्या घरचं उदाहरण? इंडियन सुपर लीगचा २०२४-२५ चा हंगाम १३ संघांचा होता आणि प्रत्येक संघ २४ सामने खेळला. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एकदा घरी, एकदा बाहेर. २०२५-२६ चा हंगाम अनेक महिने रखडला आणि अखेर छोटा करावा लागला. १४ संघ, एकूण ९१ सामने, म्हणजे प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एकदाच गाठ, प्रत्येक संघाच्या वाट्याला १३ सामने. आता तेरा ही विषम संख्या. तिची घरी-बाहेर सारखी वाटणी होऊच शकत नाही. शिवाय एकदाच गाठ असली की सर्वांत तगड्या प्रतिस्पर्ध्याशी आपण घरी खेळतो की त्याच्या मैदानावर, हे वेळापत्रक ठरवतं, आणि परतीचा सामना नसल्यामुळे ते उलटवायची संधी नसते. अशा हंगामात वेळापत्रक हाती आल्यावर चाहत्यांनी एकेका सामन्यावर वाद घातला तर त्यात आश्चर्य नाही. वाद घातला नसता तर काळजी वाटली असती.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यात सल्ला आहे आणि तो सल्ला कुणी मानला तर नुकसान आपलं आहे. तारखा हातात ठेवाव्यात, उशिरा सांगाव्यात.

हा प्रयोग एकदा होऊन गेला आहे. १९३६ साली इंग्लंडमध्ये फुटबॉल सामन्यांच्या निकालांवर पैसे लावण्याचा धंदा जोरात होता. पूल्स म्हणत त्याला. त्या कंपन्यांना आठवडाभर आधी सामन्यांची यादी छापावी लागे. त्यांचा धंदा बंद पाडायचा म्हणून लीगच्या धुरिणांनी फेब्रुवारीच्या अखेरीस, आधी जाहीर झालेलं वेळापत्रक बाजूला सारलं आणि कोण कुणाशी खेळणार हे शनिवारच्या तोंडावर सांगायला सुरुवात केली. हेतू वाईट नव्हता असं मानू. झालं काय? चाहत्यांना सामना कुठला हेच कळेना. मैदानं ओस पडू लागली, क्लबची गल्ल्यावरची मिळकत घटली आणि क्लबच लीगवर उलटले. दोन शनिवार गेले आणि ही टूम गुंडाळावी लागली. सट्टेवाले शाबूत राहिले, फटका बसला तो तिकीट काढून येणाऱ्याला आणि क्लबला. तारीख लपवून ज्याला वठणीवर आणायचं असतं तो कधीच सापडत नाही. सापडतो तो पाळी बदलून येणारा.

आपल्याकडे २०२५ मध्ये तर तारीख लपवायलाही कुणाकडे तारीख नव्हती. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये व्यापारी हक्कांचा १५ वर्षांचा करार केला होता, ७०० कोटी रुपयांचा. तो डिसेंबर २०२५ मध्ये संपणार हे पंधरा वर्षं सगळ्यांना माहीत होतं. तरी पुढचा करार वेळेत झाला नाही. जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीग चालवणाऱ्या कंपनीने हंगाम स्थगित ठेवत असल्याचं क्लबना कळवलं. एरवी सप्टेंबरमध्ये सुरू होणारी स्पर्धा सप्टेंबरमध्ये नव्हती, ऑक्टोबरमध्ये नव्हती, डिसेंबरमध्येही नव्हती. बेंगळुरू एफसीने ऑगस्टमध्ये पहिल्या संघाचे पगार थांबवले. मुंबई सिटी एफसीमध्ये २०१९ पासून भागीदार असलेला सिटी फुटबॉल ग्रुप डिसेंबरमध्ये बाहेर पडला, लीगच्या भवितव्याची अनिश्चितता हे कारण देऊन. २०२३-२४ मध्ये कोलकात्याला जाऊन, सॉल्ट लेकच्या भरल्या मैदानात मोहन बागानला ३-१ ने हरवून चषक आणणारा हा मुंबईचा क्लब. जानेवारी २०२६ मध्ये देशातले नामवंत खेळाडू जाहीर आवाहन करून फिफाकडे मदत मागत होते. त्यानंतर काही दिवसांनी, ६ जानेवारीला, केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून स्पर्धा सुरू होईल असं सांगितलं.

वेळापत्रकाच्या गप्पा मारणारे म्हणून ज्यांची हेटाळणी होते ते या सात महिन्यांत काय करत होते? ते रोज विचारत होते, हंगाम कधी? गोव्यात विचारत होते, मुंबईत विचारत होते, कोलकात्यात विचारत होते. एवढ्या मोठ्या यंत्रणेत हा प्रश्न रोज विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. कार्यालयांना मुदतवाढ मिळते, करारांना मुदतवाढ मिळते, पण तिशीला आलेल्या खेळाडूच्या पायांना मुदतवाढ मिळत नाही. गेलेला अर्धा हंगाम त्याला कुणी परत देत नाही. हे चाहत्याला कळत होतं, कारण त्याच्या डोळ्यांसमोर तारखांचा कागद होता आणि तो कोरा होता.

आता ईर्षेबद्दल. कोल्हापुरात प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीमुळे सामने थांबले आहेत, हंगामावर गदा आली आहे, हे मी नाकारत नाही. मैदानात दगड येतो तेव्हा तो आपल्याच शहरातल्या पोराला लागतो, आणि आपल्या बाजूने तो मारला गेला असेल तर पहिली मान आपली खाली गेली पाहिजे. पण तो दगड वेळापत्रकातून येत नाही. तो गॅलरीत दोन गट शेजारी बसवल्यामुळे येतो, पंचांना संरक्षण नसल्यामुळे येतो, पेठेतल्या मोठ्यांनी लहानांना न आवरल्यामुळे येतो. उलट मोठ्या सामन्याची तारीख महिनाभर आधी ठाऊक असेल तर पोलिसांना बंदोबस्त ठरवता येतो, गॅलऱ्या वेगळ्या करता येतात, तालमीतल्या वडीलधाऱ्यांना पोरांना दम देता येतो. ऐनवेळी जाहीर झालेल्या सामन्याला यातलं काहीच जमत नाही. शिवाय तारीख ज्याने दडवली त्याच्या हेतूवर शंका घेतली जाते. "अमक्याच्या सोयीसाठी मॅच पुढं ढकलली" हे वाक्य ज्या हंगामात गल्लोगल्ली ऐकू येतं, त्या हंगामात ईर्षेला इंधन कोण पुरवतं?

ऐनवेळी बदललेली तारीख काय करते ते मी जवळून पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वीची एक स्पर्धा. आप्पांनी पाळी बदलून घेतली होती, नातवाला शाळेतून लवकर उचललं होतं, आणि मीही सोबत होतो. साडेतीनला मैदानावर पोचलो तर फाटकाला कुलूप. आत एक माणूस चुन्याची फक्की परत पोत्यात भरत होता. "मॅच परवा हाय," एवढंच म्हणाला. का, ते त्यालाही माहीत नव्हतं. कुठे पाटी नाही, कुणाचा निरोप नाही. आप्पा चिडले नाहीत. डायरी काढली, त्या दिवसाचा गोल खोडला आणि परवाच्या तारखेपुढे दोनचा आकडा लिहिला. त्या आकड्याभोवती मात्र त्यांनी गोल केला नाही. एका आठवड्यात दोनदा पाळी बदलायला कोण तयार होणार? त्या सामन्याला आप्पा आले नाहीत, आणि आमचा संघ तेव्हा जिंकला. हंगामातला तो सर्वांत चांगला सामना होता असं लोक अजून म्हणतात. आप्पा त्याबद्दल काही बोलत नाहीत. ऐनवेळच्या तारखेची किंमत ही अशी असते, आणि ती कुठल्याच अहवालात येत नाही.

राहता राहिला प्रतिस्पर्ध्यांच्या चर्चेचा प्रश्न. जाता जाता ते ज्येष्ठ खेळाडू असंही म्हणाले होते की चाहते सोपा ड्रॉ, अवघड ड्रॉ करतात आणि त्यांचे अंदाज नेहमी चुकतात. चुकतात, हे कबूल. २०१५-१६ मध्ये लेस्टर सिटी विजेती होईल असं हंगामाआधी कुणी शहाण्या माणसाने म्हटलं नव्हतं, आणि ती झाली. पण चर्चा अंदाज खरा ठरावा म्हणून होत नाही. समोर कोण आहे ते ओळखून घेण्यासाठी होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये आशियाई क्लब स्पर्धेचा ड्रॉ निघाला आणि एफसी गोवाच्या गटात सौदी अरेबियाचा अल नस्र, म्हणजे रोनाल्डोचा संघ, आला. गोवाभर एकच विषय, रोनाल्डो येणार का. २२ ऑक्टोबरला फातोर्ड्याच्या मैदानावर सामना झाला आणि रोनाल्डो आला नाही. ज्यांनी दोन महिने फक्त त्या एका नावाची चर्चा केली त्यांची निराशा झाली असेल. पण ज्यांनी अल नस्रची चर्चा केली होती, त्यांची मधली फळी, त्यांचा वेग, आपल्या बचावाची उंची, त्यांनी त्या रात्री एक मोठा सामना पाहिला. पहिल्या अर्ध्या तासात दोन गोलने मागे पडलेल्या गोव्यासाठी ब्रायसन फर्नांडिस या गोव्याच्याच पोराने गोल केला आणि निकाल १-२ असा राहिला. त्या एका गोलचं मोल कळायला समोर कोण उभं होतं हे माहीत असावं लागतं. ते माहीत करून घेणाऱ्याला आपण चाहता म्हणतो. नुसता चेहरा बघायला येणारा पुढच्या सामन्याला येत नाही. प्रतिस्पर्धी ओळखणारा येतो, पाऊस असला तरी येतो, हरल्यावरही येतो.

तारीख विचारणारे कमी झाले की काय होतं, त्याची किंमत मुंबईने आधीच मोजली आहे. १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स कप, देशातल्या सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक. कूपरेजवर त्याच्या सामन्यांना जाणं हा मुंबईतल्या कित्येक घरांचा वार्षिक नेम होता. २०००-०१ नंतर ती स्पर्धा भरली नाही.  एका वर्षी ती दिनदर्शिकेत नव्हती, दुसऱ्या वर्षीही नव्हती, आणि मग ती विचारणारी माणसं कमी होत गेली. शंभर वर्षांहून जुनी स्पर्धा अशी गेली. म्हणून जो विचारतो त्याला रिकामटेकडा म्हणू नका. तो विचारायचं थांबला की उरलेल्या स्पर्धाही याच वाटेने जातील.

त्या ज्येष्ठ खेळाडूंना माझी हात जोडून विनंती आहे. तुम्ही ज्या टाळ्यांवर वाढलात त्या आधी कुणाच्या तरी डायरीत तारीख म्हणून उतरल्या होत्या. पुढच्या व्यासपीठावर संयोजकांना तारखा हातात ठेवायला सांगू नका, त्या लोकांच्या हातात द्यायला सांगा. तुमचं ते ऐकतील.

आणि संयोजकांकडे, मग ते पेठेचे असोत, राज्याचे असोत की देशाचे, तीनच मागण्या आहेत. लॉट्स सगळ्यांसमोर पाडा. पूर्ण वेळापत्रक पहिल्या सामन्याच्या किमान महिनाभर आधी लावा. आणि बदल करावाच लागला तर कारण लिहून, निदान चार दिवस आधी कळवा, आणि मैदानाच्या फाटकावर तशी पाटी लावा. याला कोट्यवधींचा करार लागत नाही. एक फळा आणि दिलेला शब्द पाळण्याची सवय, एवढं पुरतं.

तारीख कळवणं तुमच्याकडे लागलं. पाळ्या बदलून घेणं आमच्याकडे.